मणके जोडण्याची शस्त्रक्रिया: कधी लागते, कशी करतात आणि माणगावच्या रुग्णाने काय पाहावे?

नारळाच्या झाडावरून पडलेला मजूर, महामार्गावर दुचाकी घसरलेला तरुण, वर्षानुवर्षे कमरेच्या दुखण्याने हैराण झालेली गृहिणी आणि क्षयरोगाने मणका पोखरलेली मुलगी. या चौघांच्याही फाइलवर एकच शब्द येऊ शकतो: स्पाइनल फ्यूजन. म्हणजे दोन किंवा अधिक मणके एकमेकांना कायमचे जोडण्याची शस्त्रक्रिया. पण या चौघांपैकी कोणाला ती तातडीने हवी, कोणाला औषधांनीच बरे वाटेल आणि कोणाला ती करून फारसा फायदा होणार नाही, याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे असते.

रायगड जिल्ह्यातील माणगावसाठी हा विषय दूरचा नाही. मुंबई-गोवा महामार्ग गावातून जातो, ताम्हिणी घाटाचा रस्ता येथे उतरतो आणि श्रीवर्धन-म्हसळ्याच्या नारळी-पोफळीच्या बागांकडे जाणारी वाटही येथूनच फुटते. 20 डिसेंबर 2024 रोजी ताम्हिणी घाटात वऱ्हाडाची बस उलटली, तेव्हा जखमींना माणगावलाच आणण्यात आले होते. रस्त्यावरचे अपघात, झाडावरून आणि छपरावरून पडणे ही मणका मोडण्याची नेहमीची कारणे आहेत.

मणक्याच्या शस्त्रक्रियेबाबत लोक दोन टोकांना जातात. "मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो" या भीतीने काही जण खरोखर गरजेची शस्त्रक्रिया टाळतात. दुसरीकडे, एमआरआयचा रिपोर्ट पाहून घाबरलेली कुटुंबे दागिने मोडून नको असलेली शस्त्रक्रिया करून घेतात. दोन्ही चुका टाळण्यासाठी ही शस्त्रक्रिया नेमके काय करते आणि काय करत नाही, हे समजून घ्यायला हवे.

थोडक्यात

- स्क्रू आणि रॉड मणके काही काळ धरून ठेवतात. कायमचा जोड हाड भरून आल्यावरच तयार होतो.
- फ्यूजन हे "अस्थिर" झालेल्या मणक्यांसाठी आहे. फक्त कंबर दुखते म्हणून ते करत नाहीत.
- नस दबली असेल तर दाब काढणे हे वेगळे काम आहे. त्यासाठी दर वेळी मणके जोडावे लागत नाहीत.
- अपघातानंतर जखमीला कसे उचलले जाते, यावर पुढचे बरेच काही ठरते.

कण्याची रचना: 33 मणके, त्यातले 24 हलणारे

जन्माच्या वेळी माणसाच्या कण्यात साधारण 33 मणके असतात. मानेचे 7, छातीच्या मागचे 12 आणि कमरेचे 5 मणके आयुष्यभर हलते राहतात. त्याखालचे 5 मणके वयात येताना एकमेकांना जुळून एकच हाड होते, त्याला त्रिकास्थी म्हणतात. शेवटचे चार-पाच छोटे मणके मिळून माकडहाड बनते. मणके जोडले जाणे ही गोष्ट शरीराला अनोळखी नाही, ती अशी.

रिपोर्टवर मानेचे मणके "सी", छातीचे "डी" किंवा "टी", कमरेचे "एल" आणि त्रिकास्थी "एस" या अक्षरांनी लिहितात. "एल4-एल5" म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका व त्यांच्यामधली जागा.

दोन मणक्यांमध्ये गादी असते. मागच्या बाजूला दोन छोटे सांधे असतात आणि सगळ्यांना अस्थिबंध बांधून ठेवतात. मधल्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि पुढे घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका खाली जातो.

कण्याला दोन परस्परविरुद्ध कामे करावी लागतात: वाकायचे, वळायचे आणि त्याच वेळी आतल्या नसांना धक्का लागू द्यायचा नाही. रोजच्या हालचालीत मणके मर्यादेपेक्षा जास्त सरकू लागले, त्यामुळे नसांना धोका निर्माण झाला किंवा कण्याचा आकार बिघडू लागला, तर त्याला अस्थिरता म्हणतात. फ्यूजन हा या अस्थिरतेवरचा उपाय आहे.

"जोडणे" म्हणजे नेमके काय?

अनेकांना वाटते की स्क्रू आणि रॉड म्हणजेच फ्यूजन. प्रत्यक्षात धातूचे साहित्य हे स्लॅबखालच्या सेंट्रिंगसारखे असते. काँक्रीट घट्ट होईपर्यंत सेंट्रिंग आधार देते, तसे हाड भरून येईपर्यंत स्क्रू आणि रॉड मणके स्थिर ठेवतात. फरक इतकाच की हे सेंट्रिंग बहुतेक वेळा काढत नाहीत, ते शरीरातच राहते.

खरा जोड हाडाचा असतो. सर्जन मणक्यांचा वरचा थर खरवडून तेथे हाडाचे तुकडे ठेवतात. हे तुकडे रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून घेतात किंवा शस्त्रक्रियेत कापलेले हाड वापरतात. कधी दात्याचे प्रक्रिया केलेले हाड किंवा कृत्रिम पर्यायही वापरला जातो. शरीर मोडलेले हाड सांधते त्याच पद्धतीने हे तुकडे मणक्यांशी एकजीव करते. याला साधारण 3 ते 6 महिने लागतात, कधी वर्षही लागते. हाड जुळलेच नाही, तर स्क्रूवर रोजच्या हालचालीचा ताण येत राहतो आणि शेवटी तो सैल होतो किंवा मोडतो.

म्हणूनच तंबाखूचा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हाड जुळायला अडथळा येतो. विडी-सिगारेटबरोबर तंबाखू मळणे आणि मिश्री लावणे यातूनही निकोटिन शरीरात जाते. "मी विडी ओढत नाही" असे सांगणाऱ्या रुग्णाने मिश्रीबद्दलही डॉक्टरांना सांगायला हवे.

फ्यूजन कधी लागते?

*मणका मोडल्यावर.* उंचावरून पायांवर किंवा बसकणीवर पडल्यास छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका सर्वाधिक मोडतो. बरगड्यांमुळे ताठ असलेला वरचा भाग आणि लवचीक कंबर यांचा सांधा तेथे आहे, म्हणून धक्का तेथेच बसतो. मणका फुटून तुकडे मज्जारज्जूच्या पोकळीत शिरले, पायांची ताकद गेली किंवा मागचे अस्थिबंध तुटले, तर शस्त्रक्रियेची गरज पडते. नसा शाबूत असतील आणि अस्थिबंध टिकून असतील, तर असे अनेक फ्रॅक्चर विश्रांती व पट्ट्यानेही भरून येतात. म्हाताऱ्या माणसांत हाडे ठिसूळ झाल्याने साध्या पडण्यानेही मणका चेपतो. त्यात बहुतेकांना वेदनाशामक, पट्टा आणि हाडांच्या ठिसूळपणावरचे औषध पुरते.

*मणका सरकल्यावर.* "गादी सरकली" आणि "मणका सरकला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गादी सरकते तेव्हा गादीचा आतला भाग बाहेर येऊन नसेवर दाबतो. मणका सरकतो तेव्हा वरचे अख्खे हाड खालच्या हाडावरून पुढे घसरते. पन्नाशीनंतरच्या स्त्रियांमध्ये हे एल4-एल5 या जागी जास्त दिसते. तरुणांमध्ये मणक्याच्या मागच्या भागाला तडा गेल्याने ते एल5-एस1 या जागी होते. सरकणे वाढत असेल, चालताना पाय जड पडत असतील आणि औषध व व्यायामाने फरक पडत नसेल, तर फ्यूजनचा विचार होतो.

*कणा वाकडा झाल्यावर.* वाढत्या वयातील मुलामुलींमध्ये कणा बाजूला वळतो. वळण साधारण 25 ते 45 अंशांमध्ये असेल तर पट्ट्याने ते रोखण्याचा प्रयत्न करतात. 45-50 अंशांच्या पुढे गेल्यास शस्त्रक्रिया सुचवली जाते.

*क्षयरोग किंवा गाठीने मणका पोखरल्यावर.* हाड इतके पोखरले की ते शरीराचे वजन पेलू शकत नाही, तेव्हा आधार द्यावा लागतो.

*मानेत नस किंवा मज्जारज्जू दबल्यावर.* हातातली पकड सुटणे, शर्टाची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे ही मज्जारज्जू दबल्याची लक्षणे असू शकतात. मानेची खराब गादी पुढच्या बाजूने पूर्ण काढली की मोकळ्या जागी सहसा आधार बसवून मणके जोडतात.

कधी लागत नाही?

कंबरदुखीच्या बहुतेक रुग्णांना कोणतीच शस्त्रक्रिया लागत नाही. गादी सरकल्याने पायात कळ येणारे बहुसंख्य रुग्ण 6 ते 12 आठवड्यांत औषधे, हालचाल आणि व्यायामाने सुधारतात. ज्यांना शस्त्रक्रिया करावीच लागते, त्यांचाही सहसा फक्त गादीचा बाहेर आलेला तुकडा काढतात. मणके जोडत नाहीत.

"एमआरआयमध्ये गादी झिजली आहे" हे वाक्य वाचून घाबरण्याचे कारण नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या 3,110 लोकांची तपासणीचित्रे एकत्र पाहण्यात आली. वयाच्या विशीतील 37 टक्के आणि पन्नाशीतील 80 टक्के लोकांमध्ये गादीची झीज दिसली. म्हणजे झीज ही बहुतेकांच्या बाबतीत केस पांढरे होण्यासारखी आहे. उपचार रिपोर्टवर ठरत नाही. रुग्णाची लक्षणे, प्रत्यक्ष तपासणी आणि रिपोर्ट यांचा मेळ बसावा लागतो.

निव्वळ जुनाट कंबरदुखीसाठी फ्यूजन करावे का, यावर मोठे अभ्यास झाले आहेत. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात 349 रुग्णांपैकी काहींवर फ्यूजन केले आणि काहींना सखोल व्यायाम व पुनर्वसनाचा कार्यक्रम दिला. दोन वर्षांनी शस्त्रक्रियेचा स्पष्ट असा वरचढपणा दिसला नाही.

नसांचा मार्ग अरुंद झाल्याने चालताना पाय भरून येणाऱ्या ज्येष्ठांबाबतही असेच चित्र आहे. 2016 मध्ये स्वीडनच्या 247 रुग्णांच्या आणि 2021 मध्ये नॉर्वेच्या 267 रुग्णांच्या अभ्यासांत फक्त दाब काढणे आणि दाब काढून मणके जोडणे यांची तुलना झाली. बहुतेकांसाठी फक्त दाब काढणे पुरेसे ठरले. नॉर्वेच्या अभ्यासातील रुग्णांचे मणके थोडे सरकलेलेही होते. 2016 मध्येच आलेल्या 66 रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात मात्र फ्यूजन केलेल्यांना काही बाबतींत थोडा जास्त फायदा दिसला. त्यामुळे कोणाला जोड हवा, हे प्रत्येक रुग्णाच्या मणक्याची हालचाल पाहून ठरवावे लागते. त्यासाठी पुढे व मागे वाकून उभ्याने काढलेला एक्स-रे उपयोगी पडतो. झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये मणक्याचे सरकणे लपू शकते.

पद्धती: फाइलवरच्या अक्षरांचा अर्थ

मणक्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेनुसार पद्धतींना नावे पडली आहेत.

- पेडिकल स्क्रू फिक्सेशन: पाठीमागून प्रत्येक मणक्यात दोन स्क्रू बसवतात आणि ते दोन रॉडनी जोडतात. दोन मणके जोडायचे तर 4 स्क्रू आणि 2 रॉड लागतात. अपघातात मोडलेल्या मणक्यासाठी ही सर्वात रुळलेली पद्धत आहे.
- पीएलआयएफ आणि टीएलआयएफ: दोन्हींत पाठीमागून गादी काढून तिच्या जागी केज, म्हणजे हाड भरलेली छोटी पोकळ ठोकळी, बसवतात. टीएलआयएफमध्ये वाट थोडी बाजूने असते, त्यामुळे नसा कमी ओढाव्या लागतात.
- एएलआयएफ: पोटाच्या बाजूने जाऊन कमरेची गादी बदलतात. मोठी केज बसवता येते, पण मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला कराव्या लागतात.
- एलएलआयएफ आणि ओएलआयएफ: कुशीतून जाण्याच्या वाटा. पाठीचे स्नायू वाचतात.
- एसीडीएफ: गळ्याच्या पुढच्या बाजूने छोटी चीर देऊन मानेची खराब गादी काढतात आणि केज व पट्टी बसवतात. ही पद्धत 1950 च्या दशकात विकसित झाली.

"मिनिमली इन्व्हेसिव्ह" म्हणजे छोट्या चिरांमधून, एक्स-रे यंत्रावर पाहत केलेली शस्त्रक्रिया. रक्तस्राव आणि सुरुवातीची वेदना कमी होते. मात्र आत होणारे काम तेच असते आणि हाड जुळायला लागणारा वेळही तोच.

ही शस्त्रक्रिया जन्मली क्षयरोगामुळे

फ्यूजनची सुरुवात कंबरदुखीसाठी झाली नव्हती. 1911 मध्ये न्यूयॉर्कमधील रसेल हिब्स आणि फ्रेड आल्बी या दोन सर्जननी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मणक्याच्या क्षयरोगात मणके जोडण्याच्या पद्धती मांडल्या. त्या काळी क्षयरोगावर औषध नव्हते. पोखरलेला मणका ढासळून कुबड येऊ नये, हा उद्देश होता. आल्बी यांनी रुग्णाच्या नडगीच्या हाडाची पट्टी पाठीत बसवली. स्क्रू नसल्याने रुग्णाला महिनोन्महिने झोपून राहावे लागे.

1950 च्या दशकात अमेरिकेतील ह्यूस्टन येथे पॉल हॅरिंग्टन यांच्यासमोर पोलिओमुळे कणा वाकलेली मुले होती. त्यांच्यासाठी त्यांनी हुक असलेला धातूचा रॉड तयार केला आणि 1962 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. 1963 मध्ये पॅरिसमध्ये रेमंड रॉय-कमिय यांनी मणक्याच्या पेडिकल या मजबूत भागातून स्क्रू बसवायला सुरुवात केली. आजच्या बहुतेक शस्त्रक्रिया याच कल्पनेवर उभ्या आहेत. 1970 च्या दशकात मेक्सिकोत एदुआर्दो लुके यांनी प्रत्येक मणका तारेने रॉडला बांधण्याची पद्धत आणली. त्यामुळे उष्ण हवेत प्लास्टरचा जड साचा घालून राहण्याची गरज कमी झाली.

क्षयरोगावर औषधे आल्यानंतर प्रश्न बदलला. 1956 मध्ये हाँगकाँगमधील हॉजसन आणि स्टॉक यांनी पुढच्या बाजूने जाऊन सडलेला भाग पूर्ण काढण्याची मोठी शस्त्रक्रिया मांडली. भारतात मात्र रुग्ण खूप आणि अशा सोयी थोड्या होत्या. वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी 1975 मध्ये "मध्यममार्ग" मांडला: सगळ्यांना आधी औषधे, आणि शस्त्रक्रिया फक्त ज्यांच्यात सुधारणा होत नाही, लकवा वाढतो किंवा मणका अस्थिर होतो त्यांनाच. आजही भारतात मणक्याच्या क्षयरोगाचे बहुसंख्य रुग्ण औषधांनी बरे होतात. ही औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि ती डॉक्टर सांगतील तितके महिने, सहसा वर्षभर किंवा अधिक, घ्यावी लागतात. उपचार सुरू असताना पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1,000 रुपये दिले जातात.

धोके कोणते?

शस्त्रक्रियेनंतर जखमेत संसर्ग होऊ शकतो. मधुमेह नियंत्रणात नसेल तर ही शक्यता वाढते. नसेला इजा होणे, नसांवरचे आवरण फाटून पाणी गळणे, स्क्रू चुकीच्या जागी जाणे, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होणे हे इतर धोके आहेत. मोठ्या शस्त्रक्रियांमध्ये मज्जारज्जूचे संदेश यंत्रावर सतत पाहत काम करतात, त्यामुळे इजेचा इशारा वेळेत मिळतो.

दीर्घकाळात दोन गोष्टी घडू शकतात. पहिली, हाड न जुळणे. दुसरी, शेजारच्या मणक्यांवर जास्त भार येऊन तेथे नव्याने त्रास होणे. मानेच्या फ्यूजननंतर 374 रुग्णांचा पाठपुरावा केलेल्या 1999 च्या अभ्यासात असा नवा त्रास दरवर्षी सरासरी 2.9 टक्के रुग्णांत दिसला. अनावश्यक फ्यूजन टाळण्याचे हे एक ठोस कारण आहे.

हालचाल किती कमी होते? कमरेचे एक-दोन मणके जोडले तर रोजच्या जगण्यात फार फरक जाणवत नाही, कारण वाकताना खुब्याचे सांधे मोठा वाटा उचलतात. मान डावी-उजवीकडे वळवण्याचे जवळपास निम्मे काम पहिल्या दोन मणक्यांमध्ये होते, त्यामुळे खालचे मणके जोडले तरी मान वळते. लांबलचक फ्यूजन झाल्यास मात्र पाठीचा ताठपणा जाणवतो.

शस्त्रक्रियेनंतरचे महिने

बहुतेक रुग्णांना दुसऱ्या दिवशीच उभे करतात आणि चालवतात. रुग्णालयात साधारण 3 ते 5 दिवस राहावे लागते. पहिले 6 आठवडे कमरेतून वाकणे, पाठ पिळणे आणि पाण्याची कळशी किंवा सिलिंडर उचलणे बंद असते. या काळात जमिनीवर बसणे टाळावे आणि शौचासाठी कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरावी. बैठे काम साधारण 6 ते 12 आठवड्यांत सुरू करता येते.

शेतकऱ्यासाठी खरा प्रश्न लावणीचा असतो. दिवसभर चिखलात ओणवे राहणे हा जुळत असलेल्या हाडावर मोठा ताण आहे. हाड जुळल्याचे एक्स-रे किंवा सीटी स्कॅनवर दिसेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने ते वर्षभर, असे काम करू नये. उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली तर त्या वर्षीची लावणी घरातल्या दुसऱ्यांना पार पाडावी लागेल, हे आधीच गृहीत धरावे.

अपघातात मज्जारज्जूच तुटला असेल, तर फ्यूजनने गेलेली ताकद परत येईलच असे नाही. तरीही मणका स्थिर झाल्याने रुग्णाला लवकर बसवता येते, बेडसोअर आणि न्यूमोनिया टळतात आणि पुनर्वसन सुरू होते. 1965 च्या युद्धात मणक्यात गोळी लागून पायांची ताकद गमावलेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी 1972 च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. शस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनाला किती महत्त्व आहे, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

अपघाताच्या जागी काय करावे?

मोडलेला मणका हलला तर शाबूत नसही चिरडू शकते. म्हणून पहिला तास फार महत्त्वाचा आहे.

1. जखमीला उठवून बसवू नका, चालवू नका, पाणी पाजू नका.
2. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. महाराष्ट्रात ही सेवा 2014 पासून मोफत आहे.
3. आग, पाणी किंवा वाहनांचा धोका असेल तरच जखमीला हलवा.
4. हलवताना चार जण हवेत. एकाने डोके आणि मान सरळ रेषेत धरायची, बाकीच्यांनी खांदे, कंबर आणि पाय धरून ओंडका लोटतात तसे एकदम वळवायचे आणि खाली सपाट फळी सरकवायची.
5. हात-पाय धरून उचलणे, रिक्षात किंवा मिनिडोरमध्ये दुमडून बसवणे टाळा.
6. श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट ओढून काढू नका.
7. पडल्यानंतर पाठीला मालिश करू नका आणि पाठ "बसवून" घेण्यासाठी कोणाकडे नेऊ नका. आधी एक्स-रे.

मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होईल ही भीती नको. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने जखमीला मदत करणाऱ्यांना संरक्षण दिले आहे.

माणगावहून पुढे कुठे आणि पैसे कसे?

पहिला टप्पा माणगावचे उपजिल्हा रुग्णालय. तेथे श्वास, रक्तदाब आणि रक्तस्राव सांभाळून रुग्णाला पुढे पाठवता येते. मुंबई येथून साधारण 140 किलोमीटर आणि ताम्हिणीमार्गे पुणे सुमारे 100 किलोमीटर आहे. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे. जे., तर पुण्यात ससून ही मोठी सार्वजनिक रुग्णालये आहेत. मानेच्या मज्जारज्जूला मार लागल्यास 24 तासांच्या आत दाब काढल्याने सुधारणेची शक्यता वाढते, असे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 313 रुग्णांच्या अभ्यासात दिसले. त्यामुळे "सकाळी बघू" म्हणून थांबू नये. निघण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयात मणक्याचे सर्जन आणि खाट उपलब्ध आहे का, हे फोनवर विचारून घ्यावे.

खर्चासाठी चार वाटा आहेत:

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2 जुलै 2012 रोजी ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने 8 जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि सुचवलेली शस्त्रक्रिया यादीत बसते का, हे तेथील आरोग्यमित्राला विचारावे. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला आधी मंजुरी लागते. हेल्पलाइन: 155388.
- रस्ते अपघातासाठी केंद्राची कॅशलेस योजना. 5 मे 2025 पासून लागू. अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, 1.5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयांत मिळतात.
- धर्मादाय रुग्णालये. नोंदणीकृत धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत ठेवा.
- मुख्यमंत्री सहाय्यता निधी. योजनेत न बसणाऱ्या उपचारांसाठी अर्ज करता येतो.

मोठ्या शहराबाहेर मणक्याचे तज्ज्ञ पोहोचूच शकत नाहीत, असे नाही. डॉ. शेखर भोजराज यांनी 1998 मध्ये स्थापन केलेल्या स्पाइन फाउंडेशनने डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेसोबत गडचिरोलीत मणक्याच्या रुग्णांची तपासणी केली आणि शस्त्रक्रियाही केल्या आहेत. रायगडमधील रुग्णांनीही जवळपास अशी शिबिरे होतात का, याची चौकशी करायला हरकत नाही.

होकार देण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

- माझा मणका अस्थिर आहे का? तो कोणत्या तपासणीत दिसतो?
- फक्त दाब काढून भागेल का? मणके जोडणे का गरजेचे आहे?
- सहा महिने थांबलो तर काय होईल?
- पायातली कळ जाईल की कंबरदुखी जाईल? दोन्हींची शक्यता किती?
- किती मणके जोडणार, कोणत्या वाटेने?
- स्क्रू, रॉड आणि केजचा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का?

तातडीची शस्त्रक्रिया नसेल तर दुसऱ्या सर्जनचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. चांगले डॉक्टर त्याला नाराज होत नाहीत.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, पायाची ताकद अचानक कमी होणे किंवा पाऊल उचलता न येणे: यात त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचायला हवे. नसांच्या झुबक्यावरचा दाब वेळेत काढला नाही, तर नुकसान कायमचे होऊ शकते. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन घटणे आणि रात्री झोपमोड करणारी वेदना असेल, तर क्षयरोग किंवा गाठीची तपासणी करून घ्यावी. उंचावरून पडल्यानंतर पाठ दुखत असेल, तर माणूस चालत घरी आला असला तरी एक्स-रे काढावा. मोडलेल्या मणक्याचे काही रुग्ण पहिल्या दिवशी चालू शकतात.